पान्याआधी निदान

शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत २०१७ पासून जीप कंपास बनते. इथून ती ऑस्ट्रेलिया आणि जपानलाही गेली. ऑस्ट्रेलियातला मालक वॉरंटी संपली की सुट्टीच्या दिवशी स्वतःच गाडी जॅकवर चढवतो, ऑइल बदलतो, ब्रेक पॅड बसवतो. त्यामागचं गणित सरळ आहे: तिथे मेकॅनिकचा तास महाग असतो. तिकडचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही, शिक्रापूरपासून पाटसपर्यंत, जुनी आलिशान एसयूव्ही बाळगणाऱ्याला पाने विकत घ्यायचा मोह होतो. उत्साह चांगला आहे, गणित मात्र उसनं आहे. आपल्याकडे दुरुस्तीच्या बिलात मजुरी हा लहान आकडा असतो. चौफुल्यावरचा फिटर जेवढ्या पैशात ब्रेक पॅड बसवून देईल, तेवढ्यात धड टॉर्क पानाही येणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की इथल्या मालकाने स्वतः करायचं काम वेगळं आहे. नट खोलणं फिटरकडे राहू द्यावं. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधणं, त्याची नोंद ठेवणं आणि योग्य भाग मिळवणं एवढं मालकाने आपल्याकडे घ्यावं, कारण बिल फुगतं ते याच ठिकाणी.

गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. जुनी मर्सिडीज एमएल, २०११ पासून पुण्यात जोडली गेलेली लँड रोव्हर फ्रीलँडर २, २०१२ मध्ये महिंद्राने चाकणहून आणलेली सँगयाँग रेक्स्टन, या गाड्या आज नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात मिळू शकतात. घेणारा त्या किमतीवरून देखभालीचा अंदाज बांधतो आणि फसतो; टर्बो, गिअरबॉक्स, कॉम्प्रेसर हे सगळं अजून मोठ्या गाडीचंच असतं. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. डिझेल गाडी ओव्हरटेक करताना दम टाकते, इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनर पी०२९९ हा कोड दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोकडून हवा तेवढा दाब मिळत नाही. टर्बो खराब झाला असं तो कोड म्हणत नाही. इंटरकूलरच्या रबरी पाइपला चीर गेली असेल, क्लिप सैल झाली असेल, व्हॅक्यूमची नळी फाटली असेल, ॲक्च्युएटर अडकला असेल किंवा एअर फिल्टरच तुंबला असेल. पाइप आणि टर्बो यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तरीही गर्दीच्या गॅरेजमध्ये बोट आधी टर्बोकडे जातं. त्यात मेकॅनिकची लबाडी असतेच असं नाही. तासभर एकेक नळी तपासण्याचे पैसे त्याला कोणी देत नाही, भाग बदलण्याचे देतात. तो तास मालकाकडे असतो.

हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. मर्सिडीज जीएलसारख्या गाडीत पोलादी स्प्रिंगऐवजी रबरी बलून असतात आणि त्यांत हवा भरायला विजेवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असतो. वयाने आणि धुळीने रबराला घडीच्या जागी बारीक भेगा पडतात. हवा इतकी हळू गळते की चालवताना काही कळत नाही, कारण कॉम्प्रेसर ती कमी भरून काढत राहतो. पण तो काही मिनिटं चालून थांबण्यासाठीच बनवलेला असतो. सतत चालला की तापतो, त्याची रिंग झिजते. कधी रिलेचे पॉइंट चिकटतात, मग तो बंदच होत नाही आणि जळतो. म्हणजे एका बलूनचं काम पुढे बलून, कॉम्प्रेसर आणि रिले असं तिहेरी होऊन बसतं. हे आधी ओळखायला लागणारी हत्यारं म्हणजे मोजपट्टी, साबणाचं पाणी आणि ब्रश. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांवरच्या कमानीची उंची रात्री मोजायची, सकाळी पुन्हा मोजायची. ज्या कोपऱ्यात फरक पडला तिथल्या बलूनला आणि जोडाला साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे दिसले की गळती सापडली. ही गाडी कधीही बसू शकते, म्हणून लोखंडी स्टँड न लावता खाली हात घालायचा नाही, एवढं पथ्य पाळावंच. बलून बदलणं मग फिटरने खुशाल करावं.

आपल्या भागात हे लक्ष ठेवणं जास्तच गरजेचं आहे. सणसवाडी ते कारेगाव कंटेनरची वर्दळ, आतल्या रस्त्यांवरची धूळ, उन्हाळ्यात चाळिशीला टेकणारा पारा आणि ऊसतोडीच्या हंगामात घोड-भीमेच्या काठचं उडणारं पाचट, हे सगळं गाडीच्या नाकात जातं. कंपन्यांच्या पुस्तिकेत धूळ, उष्णता आणि ओढकाम असणाऱ्यांसाठी सर्व्हिसचं वेगळं, जवळच्या मुदतीचं वेळापत्रक दिलेलं असतं. शिरूर-दौंडच्या गाडीला तेच लागू होतं, पण ते पान वाचतो कोण? एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाचटाचा थर साचला की गाडी तापते आणि दोष थर्मोस्टॅटवर जातो. ऊस तुटला की शेतातले उंदीर आसरा शोधतात आणि बॉनेटखालची ऊब त्यांना फार आवडते. या दिवसांत कुरतडलेल्या वायरी शोधायला कुठलाच स्कॅनर डोळ्यांइतका उपयोगी नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलचंही तसंच. काही कंपन्या ते आयुष्यभर बदलावं लागत नाही असं सांगतात. पण असे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतः बनवणारी झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आताच्या गाड्या संगणकावर चालतात, सामान्य माणसाला त्यातलं काय कळणार? मला तर उलट वाटतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात बिघाड कानाने ओळखावा लागे आणि तो कान कमवायला वीस वर्षं जात. आज ओबीडीच्या सॉकेटला साधा स्कॅनर लावला की शीतकाचं तापमान, टर्बोचा दाब, रेलमधला डिझेलचा दाब आणि बॅटरीचा व्होल्ट चालत्या गाडीत दिसतो. यातला शेवटचा आकडा आधी बघावा. गाडी रात्रभर उभी असताना साधारण १२.५ आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट नसेल, तर बाकीचे निम्मे कोड खोटे असू शकतात. दमलेल्या बॅटरीने एबीएसपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळे कंट्रोलर तक्रार करू लागतात. दुसरा आक्षेप असा, की कंपन्या माहिती आणि भाग बाहेर जाऊच देत नाहीत. यात तथ्य आहे. याच कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता; कंपन्या अपिलात गेल्या. पण भागावर छापलेला नंबर कोणी लपवू शकत नाही. रेक्स्टनचं २.७ लिटरचं इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर घडलेलं आहे, हे माहीत असलेला मालक पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात वेगळा प्रश्न विचारतो आणि त्याला वेगळं उत्तर मिळतं. बॉशचा इंजेक्टर डब्यावर गाडीच्या कंपनीचं नाव असलं काय, बॉशचं असलं काय, नंबर जुळला तर तोच असतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आरसे, दाराची हँडलं जरूर आणावीत. ब्रेक आणि स्टिअरिंगचा भाग तिथून आणू नये.

आणि कौशल्याचा प्रश्न असेल, तर शिरूर तालुक्याने त्याचं उत्तर केव्हाच दिलेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात शाळेबाहेर पडलेली मुलं हाताने काम करत शिकली आणि तिथेच जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर उभा राहिला. डोकं चालवून मोजमाप करायची सवय हेच त्यामागचं भांडवल होतं. मात्र काही ठिकाणी मालकाने हात घालूच नये. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १,६०० बारच्या पुढे जातो. चालत्या इंजिनात ती नळी सैल केली तर बारीक धार कातडीत घुसते. एअरबॅगची वायरिंगही तशीच, तज्ज्ञावर सोपवायची.

आता अपग्रेड. एसयूव्ही जुनी झाली की तिला मोठे रिम, लाइट बार आणि पुढे लोखंडी गार्ड हवा, असा समज आहे. क्रॅश गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब जमत नाही. मोठा रिम म्हणजे टायरची बारीक कड, म्हणजे खड्ड्याचा मार थेट बुश आणि बेअरिंगला. चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीत दोनच टायर नवे घातले तर घेरातल्या फरकाने कपलिंग झिजतं. दिव्यांचा आग्रह मात्र मला समजतो. हंगामात सोलापूर रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रात्री अचानक समोर येते, तिथे उजेड हवाच. पण ५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावला की रिफ्लेक्टर भाजतो, वायर वितळते आणि समोरचा आंधळा होतो. हेडलाइटची पिवळी पडलेली काच पॉलिश करून, मूळ वॅटचे नवे बल्ब लावून झोत नीट जुळवला, तर उजेडातला फरक डोळ्यांना कळतो. नव्या बुशिंगा, नवे शॉक ॲब्सॉर्बर, चार सारखे टायर आणि चांगली बॅटरी लावलेली जुनी गाडी चालवून पाहा. कारखान्यातून निघाली तेव्हा ती किती चांगली होती हे आपण विसरलेलो असतो.

ऑइल घरी बदललंच, तर जुनं ऑइल ओढ्यात किंवा कॅनॉलला सोडू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं, डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि अशी गाडी अजून घ्यायची असेल, तर आधी सर्व्हिसच्या पावत्या मागा. कंपासच्या २.० मल्टिजेट डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. बेल्ट, गिअरबॉक्सचं ऑइल, टायर आणि बॅटरी यांचा खर्च मांडून तो किमतीतून वजा करा. विकणाऱ्याला ते पटलं नाही, तर ती गाडी सोडा.