आमचा नवा पाइप

तंबाखूच्या सेवनाचे जितके प्रकार आहेत, तितक्याच त्याच्या प्रतिष्ठेच्या पायऱ्याही आहेत. आमच्या जुन्या मराठी घरांत तपकिरीची डबी आजोबांच्या उशाशी निःसंकोच असे आणि पानाच्या तबकात कात, चुना, सुपारी यांच्या पंक्तीला तंबाखूलाही मानाचे स्थान असे. सरदारांच्या वाड्यांतून गुडगुडी चाले, चिलीम बैराग्यांकडे आणि विडी कष्टकऱ्यांकडे. सिगारेट ही महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीआड ओढावयाची वस्तू होती. पाइप मात्र यांपैकी कोणत्याच पायरीवर बसत नव्हता. तो साहेबाचा. आमच्या इंदूरपासून जवळच महूची छावणी असल्यामुळे गोरा साहेब गेल्यावरही काही काळ तो निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडात दिसे. मराठी रंगभूमीवर तो रेशमी झग्यातील धनाढ्य पित्याच्या हाती येई आणि कन्येने गरीब नायकाचे नाव उच्चारताच दातांतून काढला जाई. खऱ्या आयुष्यात पाइप ओढणाऱ्या मराठी माणसाकडे लोक किंचित आदराने आणि बऱ्याचशा संशयाने पाहत.

तारुण्यात आम्हीही एक पाइप बाळगला होता. तो फुटपाथवरचा, वार्निशने चकाकणारा आणि दहा मिनिटांत जीभ पोळविणारा होता. लग्नानंतर तो कोठे नाहीसा झाला, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी, वयाच्या ६७व्या वर्षी, आमच्या हाती खरा ब्रायरचा पाइप आला. नोकरीनिमित्त मिलानला असलेल्या भाच्याने तो साविनेलींच्या दुकानातून आणला. हे घराणे १८७६ सालापासून त्या शहरात या व्यवसायात आहे. "मामा, तुमच्या त्या जुन्या पाइपसारखा नाही हं हा," असे म्हणत त्याने फ्लॅनेलच्या पिशवीतून तो बाहेर काढला. किंमत त्याने सांगितली नाही, परंतु आमच्या सौभाग्यवतींनी ती काढून घेतलीच. "अहो, एवढ्यात चांगली सायकल आली असती, आणि तुमची तब्येत तरी सुधारली असती," एवढेच त्या म्हणाल्या. हा आक्षेप बिनतोड होता. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे. तूर्त पाइपाकडे वळू.

ब्रायर या नावाने पुष्कळांची फसगत होते. इंग्रजीत या शब्दाचा दुसरा अर्थ काटेरी रानगुलाब असा असल्यामुळे हे पाइप गुलाबाच्या मुळापासून करतात, असा समज आहे. वस्तुतः फ्रेंच भाषेतील ‘ब्रुयेर’ या शब्दाचे हे इंग्रजी रूप असून ते एरिका आर्बोरिया नावाच्या झुडपाला उद्देशून आहे. भूमध्य समुद्राच्या काठची कोरडी, खडकाळ जमीन हे त्याचे घर. कॉर्सिका, कालाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया या प्रदेशांत ते उगवते. मूळ आणि खोड यांच्या सांध्यावर, जमिनीखाली, त्याला लाकडाची एक वेडीवाकडी गाठ येते. पाऊस नसलेल्या महिन्यांसाठी झाड या गाठीत ओलावा साठवून ठेवते आणि वणव्यात वरचे सारे जळून गेले तरी तिच्यातूनच पुन्हा फुटते. पाइपाच्या कामाची गाठ व्हावयास कित्येक दशके लागतात. आगीला न घाबरणारे लाकूड मनुष्याने शोधावयाचे ठरविले असते, तर त्याला याहून योग्य लाकूड मिळाले नसते.

ही गाठ खणून काढली की तिला सुकू देत नाहीत. ओली ठेवतात, नाहीतर ती तडकते. मग करवतीने तिचे ठोकळे पाडतात आणि ते तांब्याच्या मोठ्या कढयांत तासन्‌तास उकळतात. आतील कडवट रस त्या पाण्यात उतरतो. पुढे हे ठोकळे महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे, सावलीत स्वस्थ पडून राहतात. फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सां-क्लोद या गावातील कारागीर पूर्वीपासून लाकडाचे कातीव काम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रायर त्यांच्या हाती आले आणि तेथून ते जगभर गेले. त्यापूर्वीचे पाइप बहुधा मातीचे, चटकन फुटणारे. ज्याला परवडे, तो तुर्कस्तानच्या एस्कीशेहिर भागातील पांढऱ्या खनिजाचे, मीरशॉमचे, पाइप घेई.

उत्तम पाइप आणि बरा पाइप यांतील भेद प्रामुख्याने लाकडाचा असतो. झाडाने गाठ बांधताना तिच्यात वाळूचे कण, बारीक छिद्रे राहतात. सामान्य पाइपात ती लुकणाने बुजवून वर गडद रंग देतात. आमच्या फुटपाथवरील वार्निशचे रहस्य हेच होते. निर्दोष ठोकळ्याला मात्र काही लपवावे लागत नाही. आमच्या पाइपाच्या वाटीवर तळापासून काठापर्यंत उभ्या रेघा ज्वाळांसारख्या वर गेल्या आहेत आणि काठावर, जेथे त्याच रेघा आडव्या कापल्या गेल्या आहेत, तेथे बारीक ठिपक्यांची दाटी आहे. जाणकार तिला पक्ष्याचा डोळा म्हणतात. पैठणीचा पदर उलटा करून पाहणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनीही तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि "लाकूड मात्र खरं आहे हो," असा निर्वाळा दिला. या घरात त्याला मिळालेले हे पहिले प्रशस्तिपत्र.

वाचकहो, नवा पाइप लगेच ओढता येत नाही. तो लावावा लागतो, जसा तानपुरा लावावा लागतो. प्रथम काही दिवस वाटी अर्धीच भरावयाची आणि ती अगदी सावकाश, तळापर्यंत जाळावयाची. तसे केल्याने आतील भिंतीवर काजळीचा पातळ थर धरतो आणि पुढे लाकडाचे रक्षण तोच करतो. भरण्याचीही एक जुनी रीत आहे: पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने दाबावी, दुसरी स्त्रीच्या आणि तिसरी पुरुषाच्या. म्हणजे तळाशी सैल, मध्ये बेताची, वर घट्ट. पहिली काडी वाटीभर गोल फिरवली की तंबाखू फुलून वर येते. तिला हलक्या हाताने पुन्हा दाबून दुसरी काडी लावावयाची. खरा पाइप या दुसऱ्या काडीला सुरू होतो.

भाच्याने सोबत व्हर्जिनिया जातीच्या पानाचा एक ५० ग्रॅमचा डबा आणला होता. तो उघडताच वाळलेले गवत आणि बेदाणे यांचा एकत्र वास आला. पहिल्या दिवशी धुरात लाकडाची किंचित कडसर चव होती, ती आठवडाभराने विरली. त्यानंतर जे सुख आले, त्याचे वर्णन करू जाता हाती फारसे काही लागत नाही. धूर छातीत घ्यावयाचा नसतो. तोंडात घोळवून सोडून द्यावयाचा असतो. झुरके इतके संथ हवेत की वाटी तळहातात सुखाने धरता यावी. ती धरवेनाशी झाली, तर घाई होत आहे असे समजून पाइप खाली ठेवावा. तो वारंवार विझतो आणि त्याने विझावे यात काही वावगे नाही. काडी पुन्हा लावावी. सिगारेट आपल्या गतीने जळत जाते आणि ओढणाऱ्याला आपल्यामागून ओढत नेते. पाइप मात्र ओढणाऱ्याची वाट पाहतो.

मालव्याच्या रात्रींची कीर्ती जुनी आहे. उन्हाळ्यातही येथे रात्री वारा सुटतो. अशा वेळी ओसरीवर खुर्ची टाकून, पाइपाची उबदार वाटी हातात धरून बसले असता पाऊण तास कसा जातो ते कळत नाही. या पाऊण तासात वर्तमानपत्र वाचवत नाही, कारण हात गुंतलेले असतात. वाद घालता येत नाही, कारण तोंड गुंतलेले असते. मोबाइल वाजला तरी उचलण्याची इच्छा होत नाही. ३५ वर्षे कचेरीत बसून जे साधले नाही, ते एवढ्याशा लाकडाने साधले: आम्ही काहीही न करता बसू लागलो. त्यातही मोठी गोष्ट अशी की, सौभाग्यवती वाऱ्याची दिशा पाहून, दोन खुर्च्या सोडून, आमच्याबरोबर बसू लागल्या. त्यांच्या निवडावयाच्या मेथीला आणि आमच्या पाइपाला सारखाच वेळ लागतो. या वयात दोघांना एकत्र गप्प बसण्याचे निमित्त मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

येथपर्यंत आमचा सुखाचा पक्ष झाला. दुसरा पक्ष याहून भक्कम आहे, आणि तोही जुना आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारी गेला असता त्याने तेथे प्रथम तंबाखू पाहिली आणि परतताना, १६०४–०५च्या सुमारास, ती एका रत्नजडित नळीसह बादशहाला नजर केली. आमच्या सीमाभागातील वाचकांना हे वाचून कौतुक वाटेल की, मोगल दरबाराला हे व्यसन त्यांच्या शेजारच्या विजापुराहून गेले. बादशहाने दोन-चार झुरके घेताच हकीम पुढे सरसावला आणि त्याने ते थांबविले. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूला मनाईच केली, आणि लोकांनी ती मानली नाही. म्हणजे या देशात तंबाखू आणि तिच्यावरील वैद्याचा आक्षेप ही एकाच दिवशी जन्मलेली जुळी भावंडे होत.

हकिमाला जे अंदाजाने कळले होते, ते आज पुराव्याने सिद्ध आहे. पाइपाचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी आहे, हे समाधान खोटे आहे. ओठ, जीभ, घसा यांच्या कर्करोगाचा धोका पाइप ओढणाऱ्यालाही आहेच. २ ऑक्टोबर २००८पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी लागू झाली, ती योग्यच होती. तंबाखूने आमच्या नात्यातील एक हसते तोंड कायमचे बंद केले आहे. त्यांच्या हातात पाइप नव्हता, साधी तंबाखू-चुन्याची डबी होती. परंतु वनस्पती तीच. ब्रायरच्या रेघा कितीही सुंदर असोत, तिच्यात काय जळते आहे हे विसरून हा लेख लिहिणे आम्हाला शक्य नव्हते.

म्हणून आमच्या घरी एक करार झाला. आठवड्यातून एक वाटी, शनिवारी रात्री, ओसरीवरच, आणि नातू घरी आला असेल तर तीही नाही. एका वाटीला अडीच ग्रॅम तंबाखू धरली, तर ५० ग्रॅमच्या डब्याच्या वीस वाट्या होतात. म्हणजे एक डबा सुमारे पाच महिने पुरतो. हा हिशेब सौभाग्यवतींनी केला आणि डबाही त्यांच्याच कपाटात आहे. डॉक्टरांना विचारले असते, तर त्यांनी ही एक वाटीही दिली नसती, आणि त्यांचे बरोबरच ठरले असते. आम्ही तिचे समर्थन करीत नाही. ती ओढतो, एवढेच.

उरलेले सहा दिवस पाइप आमच्याजवळ असतो, तो रिकामा. एरवीही एकदा ओढलेल्या पाइपाला एक-दोन दिवस विश्रांती द्यावीच लागते, म्हणजे लाकडात मुरलेला ओलावा निघून जातो. गरम असताना नळी कधी वाटीपासून वेगळी करावयाची नाही. निवल्यावर आतून लोकरी तारेने पुसावयाची. एबोनाइटची नळी उन्हात हिरवट पडते, म्हणून तिला सावलीत ठेवावयाचे. ही निगा करताना आमच्या असे ध्यानात आले की, सुखाचा मोठा वाटा या रिकाम्या पाइपातच आहे. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आइन्स्टाइनचा ब्रायर पाइप ठेवलेला आहे आणि त्याच्या नळीला चावून चावून भोक पडले आहे. धुरासाठी कोणी नळीला भोक पाडीत नाही. विचार करताना दातांना काहीतरी हवे असते आणि हातांनाही.

निगा राखली तर चांगला ब्रायर शंभर वर्षेही टिकतो. हाताळण्याने त्याचा रंग गडद होत जातो, मधासारखा होतो. म्हणजे जो रंग आमच्या पाइपाला शोभून दिसेल, तो यावयाला आमचे उरलेले आयुष्य पुरेल असे दिसत नाही. भाचा मागे फोनवर म्हणाला, "मामा, पुढे हा मलाच द्या हं." त्याला देऊ. पण तंबाखूचा डबा सोबत देणार नाही. त्याच्या मामीने तसे मृत्युपत्रात लिहावयास सांगितले आहे, आणि या एका बाबतीत आमचे दोघांचे संपूर्ण एकमत आहे.