हिशेबाची वही

प्रवासाला निघण्यापूर्वी खर्चाचा अंदाज कागदावर उतरवायचा, ही माझी जुनी सवय. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात ती जडली आणि निवृत्तीनंतरही सुटली नाही. चार पैसे वाचवून केलेला प्रवास अधिक गोड लागतो, असे मी विद्यार्थ्यांनाही अनेकदा सांगितले आहे. माझ्या या तत्त्वज्ञानाची परीक्षा गेल्या उन्हाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या नातीने घेतली आणि त्या परीक्षेत मी साफ अनुत्तीर्ण झालो.

मे महिन्यात चार दिवस दिघीला जावे, असे घरात घाटत होते. दिघी हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील, राजपुरी खाडीच्या मुखाशी वसलेले गाव. खाडीपलीकडे आगरदांडा आणि समोर समुद्रात जंजिऱ्याचा काळाभोर तट. मुलगा म्हणाला, "बाबा, मुंबईहून भाड्याची मोटार करू आणि दिवेआगरला वातानुकूलित हॉटेलात उतरू. वर्षातून एकदाच तर जायचे!" माझे म्हणणे याच्या अगदी उलट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँच, पुढे एस. टी., आगरदांड्याहून फेरीबोट आणि दिघीत एखादी साधी खोली. स्वयंपाक तेथेच करावा. पुराव्यादाखल मी १९९४ सालची हिशेबाची वही काढली. त्या वर्षी आम्ही पतिपत्नी आणि दोन मुले याच वाटेने दिघीला गेलो होतो आणि ठरवलेल्या रकमेतून २६० रुपये शिल्लक घेऊन परतलो होतो.

नातीने वही ओढून घेतली आणि ती मोठ्याने वाचू लागली, "लाँच, चार माणसे. एस. टी., दोन पूर्ण, दोन अर्धी. रॉकेल. तांदूळ. जंजिरा होडी, तीन माणसे." ती थांबली. "आजोबा, तुम्ही तर चौघे होतात. मग किल्ल्यावर तिघेच कसे?"

मला काही केल्या आठवेना. उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आले. "मी गेले नव्हते. बाहेरचे जेवण महाग पडते, म्हणून खोलीवर भाकऱ्या करत होते." पत्नीच्या स्वरात तक्रार नव्हती. घरातले तांदूळ संपले आहेत हे सांगावे, इतक्या सहजतेने ती बोलली.

मी वहीकडे पाहतच राहिलो. ज्या शिलकीचा मी इतकी वर्षे अभिमान बाळगला, ती दुसऱ्याच माणसाच्या सुट्टीतून कापून घेतलेली होती. पाणी भरणे, स्टो पेटवणे, दोन्ही वेळचा स्वयंपाक, भांडी या कशाचीही नोंद वहीत नव्हती. कारण त्यांचे दाम कोणी मागितले नव्हते. काटकसर हा सद्गुण खरा, परंतु ती आपल्या स्वतःच्या सुखातून करावी. दुसऱ्याच्या सुखातून केलेल्या काटकसरीला सद्गुण कसे म्हणावे?

वही मिटून मी पत्नीला विचारले, "तुझ्या मनात काय आहे?" प्रवासापूर्वी हा प्रश्न मी तिला प्रथमच विचारीत होतो. ती म्हणाली, "मोटारीत मला मळमळते. तुमची लाँच आणि एस. टी. बरी. हॉटेलाचीही हौस नाही. पण अहो, चार दिवस मला चुलीपुढे उभे करू नका." मुलाचा आणि माझा, दोघांचेही बेत तिने एका दमात निकालात काढले. आराम किती आणि त्याला पैसे किती, यावर आम्ही वाद घातला होता. आराम कोणाचा, हे दोघांनीही विचारले नव्हते.

मग हिशेब सहज जमला. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मे भाडे पडते. प्रवासात वाचलेले पैसे आम्ही राहण्याजेवणाची सोय असलेल्या एका घराकडे वळवले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आमच्या यजमानीणबाईंची वाडीही त्यात गेली होती. "नवी झाडे धरेपर्यंत पाहुण्यांच्या पानांवरच घर चालायचे," त्या म्हणाल्या. येथेही एक स्त्री चुलीपुढे होतीच. मात्र तिच्या श्रमाचे दाम आता माझ्या वहीत लिहिले जात होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही जंजिरा पाहिला. मराठ्यांच्या हाती कधीही न आलेला आणि १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दींकडे राहिलेला तो किल्ला पत्नी पावलोपावली थांबून पाहत होती. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे तळे, याचे नातीपेक्षा तिलाच अधिक नवल वाटले. बुरुजावरच्या वाऱ्यात पदर सावरीत तिने दिघीच्या किनाऱ्याकडे बोट दाखवले. "त्या तिकडून मी चार दिवस हा किल्ला पाहत होते," ती म्हणाली. "इतका मोठा असेल, असे वाटले नव्हते."

त्या रात्री हिशेब मांडला, तेव्हा शिल्लक काहीच उरली नव्हती. शेवटी मी लिहिले, "जंजिरा होडी, पाच माणसे." नातीने बोटांवर घरातली माणसे मोजली आणि म्हणाली, "आजोबा, आता बरोबर आहे."