खोक्याचं टेबल

होस्टेलच्या माझ्या खोलीत येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, "काय रे, हे टेबल कुठून उचललंस?" पहिल्या वर्षी उत्तर द्यायची लाज वाटायची.

आमचं घर नागापूरला. अण्णा तिथल्याच एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. परदेशातून मशीन आलं की खोकं फोडायचं, खिळे उपसायचे. दहावीला असताना साहेबांना विचारून त्यांनी चार फळ्या सायकलवर आणल्या आणि मला टेबल करून दिलं.

फळीवर काळा शिक्का आहे. गव्हाची ओंबी, 'एसई' आणि 'एचटी' ही अक्षरं. मी त्यावर वही ठेवायचो. एकदा राउंडला आलेल्या रेक्टर सरांनीच ती उचलली. म्हणाले, "एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलंय. लाकडातून किडी दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून. आणि एसई म्हणजे स्वीडन!"

शिक्का तिथला, म्हणजे झाडही बहुधा तिकडचंच. दक्षिण स्वीडनमध्ये स्प्रूस आणि पाइन ही सूचिपर्णी झाडं ओक, बर्चच्या शेजारी वाढतात. उत्तरेला गेलं की ओक मागे पडतो, दक्षिणेला पानझडीचं रान वाढत जातं. मधला हा मिश्र पट्टा. झाड उन्हाळ्यात वाढतं, थंडीत थांबतं, म्हणून वर्षाला एक फिकट आणि एक गडद रेघ. एका रात्री सबमिशन सोडून मी फळीच्या टोकाच्या रेघा मोजल्या. सेहेचाळीस भरल्या. अण्णांचं वय तेव्हा सत्तेचाळीस.

पुढे वाचलं, की २०१८ साली तिकडे कडक दुष्काळ पडला. स्प्रूसची मुळं उथळ. पाणी नाही म्हणून राळ कमी, आणि राळ कमी म्हणून सालीखाली शिरणारे भुंगेरे रोखता येईनात. पुढच्या काही वर्षांत लाखो झाडं वाळली. फोनवर अण्णांना सांगितलं.

"तिकडंबी दुष्काळ पडतो व्हय?" ते थोडा वेळ गप्प राहिले. आजीनं ७२च्या दुष्काळात खडी फोडली होती. मग म्हणाले, "फळी नीट ठेव रे. लई वर्षं लागली असतील तिला."

यंदा शेवटचं वर्ष. रूममेट म्हणतो, रंधा मारून वर सनमायका लाव, झकास दिसेल.

नको. त्या शिक्क्यावर आता मी वहीसुद्धा ठेवत नाही.