चंची

‘सात हिंदुस्तानी’ लोकांना माहीत आहे तो अमिताभ बच्चनचा पहिला सिनेमा म्हणून. मला तो बाबांशिवाय आठवतच नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६९ साली गोवामुक्तीवर काढलेला. मी तेव्हा अकरा वर्षांचा. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झालेले, जलाल आगा मराठी. बाहेर पडल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “कुठला कोण, कळतच नव्हतं. तिथंही असंच होतं.”

तिथं म्हणजे पत्रादेवीला. १५ ऑगस्ट १९५५. बांद्याहून भर पावसात हजारो सत्याग्रही गोव्याच्या हद्दीकडे निघाले, हातात फक्त तिरंगा. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे. सिनेमातले सातजण गनिमी काव्यानं धावतात, लपतात, झेंडे लावतात. “आम्ही नुसते चालत होतो रे,” बाबा म्हणायचे. त्यांच्या शेजारी एक उत्तरेकडचा माणूस होता. त्याचं बोलणं बाबांना धड कळत नव्हतं, बाबांचं त्याला. हद्दीशी आल्यावर त्यानं आपली तंबाखूची चंची बाबांकडे दिली. दोन्ही हातांनी झेंडा धरायचा होता त्याला. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. सगळे चिखलात आडवे झाले. तो उठला नाही.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रही गेले. हुतात्म्यांची नावं पुढं छापून आली, पण त्यात बाबा कुणाचं शोधणार? १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्या रात्री बाबा जेवले नाहीत, असं आई सांगायची. उभ्या आयुष्यात त्यांनी तंबाखूला हात लावला नाही. चंची मात्र दर पंधरा ऑगस्टला उन्हात ठेवायचे. ऊन नसलं तर चुलीजवळ.

सिनेमात मरणाच्या दारात असलेली मारिया जुन्या साथीदारांची वाट पाहत असते. ते येतात. शेवटच्या आठवड्यात बाबांची नजरही सारखी दाराकडे जाई. एका पहाटे त्यांनी विचारलं, “आला का तो?” मी म्हटलं, “कोण, बाबा?” ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. ओठ हलले, पण सांगायला नाव नव्हतं.

आता चंची माझ्याकडे आहे. खण तीन. एकात कात, एकात तंबाखूचा भुगा. तिसऱ्यातली चुन्याची डबी बाबांनी कधीच उघडली नव्हती. परवा मी उघडली. आतला चुना दगड झालाय, आणि त्यावर बोटाचा ठसा तसाच आहे.