शिलेदारांच्या डोंगरावर

शीव कोळीवाड्यात घोडा दृष्टीस पडतो तो वरातीचा. फाळणीनंतर या वस्तीत येऊन स्थिरावलेल्या पंजाबी मंडळींच्या लग्नसराईत, जरीच्या झुलीखाली घामेजलेली एखादी पांढरी घोडी बँडच्या गोंगाटात निमूट उभी असते, आणि तिच्याकडे पाहताना असे वाटू लागते की या महानगरीत अश्वजातीला आता एवढेच कर्तव्य उरले आहे. स्वतःच्या मालकीच्या घोड्यावर बसून अरण्यात जावे आणि तेथेच त्याला बांधून रात्र काढावी, हा षोक अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय उद्यानांत अद्याप चालतो. आमच्या बोरिवलीच्या उद्यानात तसे करू म्हटल्यास पहिल्याच फाटकावर आपली रवानगी माघारी होईल. तथापि मोटारीला मज्जाव आणि घोड्याला मुभा असलेला एक वनप्रदेश आमच्या लोकल गाडीच्या टप्प्यात आहे, तो म्हणजे माथेरान. तेथील एका घोडेवाल्या मामांशी माझा जुना परिचय. पावसाळाभर नेरळच्या पायथ्याशी ठेवलेले आपले घोडे दसऱ्यानंतर ते वर चढवणार असल्याचे कळले, तेव्हा त्यांच्या लवाजम्यात सामील होण्याची संधी मी दवडली नाही. शीवहून निघून, ठाण्यास गाडी बदलून, मी उन्हे कलण्यापूर्वी नेरळास उतरलो.

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असा भेद असे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदार मात्र घोडा आणि हत्यार पदरचे आणून चाकरी करी. माथेरानचे घोडेवाले हे या अर्थाने आपल्या मुलुखातले अखेरचे शिलेदार होत. परवाना नगरपरिषदेचा, भाड्याचे दरपत्रकही तिचेच. घोडा मात्र ज्याचा त्याचा, आणि त्याचे दुखणेही ज्याचे त्याचे.

पहिला मुक्काम गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या माळावर पडला. माझा समज असा की तंबू उभारला म्हणजे छावणी झाली. मामांच्या लेखी तंबू ही सर्वांत शेवटची बाब होती. प्रथम पाण्याची जागा पाहिली गेली, मग वाऱ्याची दिशा, मग जमिनीचा उतार. त्यानंतर मेखा ठोकून घोड्यांना आगाडी-पिछाडी बांधण्यात आली, तंग सैल करून खोगिरे उतरली, पाठीवरून खरारा फिरला, प्रत्येक खूर उचलून नालेत अडकलेले खडे काढले गेले, आणि भिजवलेल्या हरभऱ्याचे तोबरे तोंडाला चढल्यावर मगच माणसांच्या चुलीचा विचार निघाला. ती चूलही गवताच्या भाऱ्यांपासून चांगली लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. मी विडी पेटवणाऱ्या पोऱ्याकडे पाहिले, तर मामांनी त्याला शब्दही न बोलता हाताच्या इशाऱ्याने ओढ्यापलीकडे धाडले.

मला त्या वेळी शिवछत्रपतींच्या एका पत्राचे स्मरण झाले. चिपळूणनजीक घोडदळाची छावणी असता जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेल्या त्या पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरण्याची ताकीद आहे; वैरण अवेळी संपली तर घोडे मरतील आणि तुम्ही रयतेला उपद्रव देऊ लागाल, असा इशारा आहे; आणि चुली, तंबाखूची आगटी, रात्री जळता ठेवलेला दिवा, एवढेच नव्हे तर त्या दिव्याची वात पळवणारा उंदीर, यांपासून गवताच्या गंजीला उद्भवणारा धोका तपशीलवार सांगितला आहे. राज्य चालवणाऱ्या पुरुषाने उंदरापर्यंत विचार करावा, हे मला लहानपणी गमतीचे वाटे. घोड्यांसह एक रात्र उघड्यावर काढल्यावर त्यातली गंमत ओसरते. अमेरिकेतील उद्यानांचे नियम वाचावेत तर सूर तोच: जंगलात नेण्याची वैरण तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचा दाखला हवा, रात्रभर घोडा झाडाच्या बुंध्याला बांधून साल खरवडू द्यायची नाही, पाण्याच्या काठापासून दूर तळ टाकायचा. हेतू मात्र निराळा. तेथे अरण्याला घोड्यापासून जपावयाचे आहे. महाराजांना रयतेला घोडेस्वारापासून जपावयाचे होते.

पहाटे निघालो. मला दिलेला कुमाईत रंगाचा घोडा वयाने पोक्त होता, त्यामुळे माझ्या लगाम ओढण्याला तो सल्ल्याइतकीच किंमत देत असे. रस्ता वळणावळणाने चढतो आणि वाटेत आगगाडीचे रूळ पुनःपुन्हा आडवे येतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० साली या डोंगरावर चढले आणि तेव्हापासून मुंबईच्या गोऱ्या साहेबांना येथल्या हवेची गोडी लागली. परंतु सामान्य माणसाला डोंगर जवळ आणला तो आदमजी पीरभॉय कुटुंबाने, १९०७ साली दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ही चिमुकली गाडी वर नेऊन. घोड्यांना ही गाडी मुळीच आवडत नाही. जुम्मापट्टीच्या आसपास तिची शिटी ऐकू येताच आमच्यातल्या तरण्या अबलख घोडीने कान मागे टाकून असा आडवा झोका घेतला की मामांना उडी टाकून तिचे तोंड धरावे लागले.

दस्तुरीस मोटारींचे राज्य संपते. येथे प्रवासी कर भरून माणसे पुढे होतात, आणि रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर इंजिनाचा आवाज मागे राहतो. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. पण येथला मोटारबंदीचा दंडक त्याहून पुष्कळ जुना आहे. जांभूळ, हिरडा, अंजन यांच्या सावलीतून तांबड्या मातीची वाट सुरू झाली आणि तोवर मान खाली घालून चढणारा माझा घोडा आपण होऊन दुडक्या चालीने निघाला. वर फांदीवरून शेकरूने झेप घेतली, तिकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

ही मोकळी माती थोडाच वेळ टिकली. पुढे फरसबंदीचे ठोकळे लागले, आणि लोखंडी नाल त्यांवर वाजू लागताच घोड्याने पाऊल आखडते घेतले. या ठोकळ्यांवर जनावरे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार आहे; उलट बाजूस, मोकळी माती पावसाने वाहून जाते आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना, शाळेच्या मुलांना ई-रिक्षा हवी, तिला पक्का रस्ता हवा, असे सांगणारेही येथलेच रहिवासी आहेत. माणसाने ओढायच्या रिक्षा बंद व्हाव्यात यासाठी झगडलेले रिक्षाचालक त्यांत आहेत आणि त्यांची बाजू हलकी नाही. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मला विचाराल तर, माणसाला माणसाने ओढणे थांबलेच पाहिजे. परंतु त्यासाठी डोंगराची प्रत्येक वाट ठोकळ्यांनी मढवण्याचे कारण मला दिसत नाही. लिदीविषयी म्हणाल, तर ती उन्हात वाळून धूळ होते आणि पहिल्या पावसात ओढ्यांत उतरते, हा आक्षेप खराच आहे. सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याची नोंद सापडते. नगरपरिषदेने त्याच हिशेबाने लीद उचलणारा माणूस नेमला, तर निम्मे भांडण मिटेल. मामांना हे बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “नेमतील, दादा, अन् त्याचा पगार आमच्याच परवान्याच्या फीत घालतील.”

वनाच्या हद्दीत परवान्याविना तंबू ठोकता येत नाही, म्हणून दुसरी रात्र मामांच्या अंगणात, दावणीच्या बाजूला काढली. थंडी होती. घोडे रात्रभर उभ्याउभ्याच डुलक्या घेत आणि मधूनच एखादा जमिनीवर खूर आपटी. जेवताना गोष्ट निघाली ती भाई कोतवालांची. याच गावी १९१२ साली जन्मलेला हा वकील, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडीत हिंडला, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह पोलिसांच्या गोळीबारात पडला. मामांनी भाकरीचा तुकडा हातात धरूनच अंधारात सिद्धगडाच्या दिशेला मान वळवली आणि त्या रानात दस्त्याला दाणागोटा पोचवणे किती अवघड गेले असेल, याचा हिशेब ते घोडेवाल्याच्या पद्धतीने, पायली आणि ओझ्यांत, मांडू लागले.

सकाळी पिसरनाथाचे दर्शन घेऊन वन ट्री हिलकडे गेलो. तेथून शिवाजीची शिडी म्हणून ओळखली जाणारी वाट चौकच्या बाजूस उतरते. ती घोड्याची नव्हे. दस्तुरीवर गिऱ्हाइके उतरण्याची वेळ झाल्यामुळे मामा निरोपासाठी रेंगाळले नाहीत. मी दगडांना हात टेकीत उतरू लागलो, तो मांड्या अशा भरून आलेल्या की प्रत्येक पायरी आडवे होऊनच उतरावी लागे. खालून एक ठाकर बाई डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन सरळ ताठ मानेने चढत आली. माझी ती चाल तिने घटकाभर न्याहाळली, “घोड्यावरनं पडलं का काय?” असे विचारले, आणि बाजाराची वेळ चुकू नये म्हणून उत्तराची वाट न पाहता वर निघून गेली.