दोष घरातलाच

चवथीच्या आरतीला मस्कतचा भाऊ संगणकावर हजर असतो. यंदा घुमटावर थाप पडली आणि त्याचा चेहराच गोठला. "गेलो रे तो!" आई कळवळली. मी इंटरनेटवाल्याला शिव्या मोजल्या.

मग घरातल्या राउटरलाच पिंग केले. चारातले एक उत्तर तिथेच हरवत होते! जोडणीचा वेगही १००० ऐवजी १०० दिसत होता. केबलीत आठ तारा असतात. १००० ला आठही लागतात, १०० ला चार पुरतात. केबल उपसली, तर क्लिप तुटलेली, टोकांवर पावसाळ्याचा हिरवट कळंक.

नवी केबल घातली. दुसऱ्या दिवशी भाऊ शेवटपर्यंत आरती म्हणत होता, किंचित मागून. आईने ताल त्याच्यासाठी संथ केला. शिव्या मात्र परत घ्यायच्या राहिल्याच.