आम्ही स्वयंपाकघर बदलतो

'घर पाहावे बांधून' असे जुनी माणसे म्हणत. आमच्यासारख्या कारकुनाची घर बांधण्याची ऐपत नाही. आम्ही फक्त स्वयंपाकघर बदलले, तेही आठ फूट बाय सात फुटांचे. पण तेवढ्यात जे शिकायला मिळाले ते बी. कॉम.च्या तीन वर्षांत मिळाले नव्हते. म्हणून वाचक बंधू-भगिनींपुढे मांडत आहोत.

आमची खोली हौसिंग बोर्डाच्या वसाहतीतली. ओट्याखालची दारे पाण्याने फुगून लागेनाशी झाली होती, भिंतीचे पोपडे डाळीच्या डब्यात पडत होते. ऑफिसच्या पतपेढीचे कर्ज मंजूर झाले तेव्हा आम्ही एका दुकानात गेलो. दुकानदाराने गुळगुळीत कागदावरची चित्रे दाखवली आणि १,८५,००० रुपयांचा आकडा सांगितला. आम्ही भारावून १०,००० रुपये आगाऊ देऊन आलो. घर बघायला आलेल्या त्यांच्या माणसाने एकच अट घातली, "ते जुनं कपाट आधी बाहेर काढा."

ते कपाट आमच्या आजीचे. आजोबांनी १९५९ साली गिरणीच्या बोनसमधून करून घेतलेले. वर जाळीची दोन दारे, खाली साधी फळ्यांची दोन दारे, आणि खाली निमुळते होत गेलेले चार पाय. त्या पायांखाली पाण्याच्या चार वाट्या असत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. फ्रीज नव्हता तेव्हा दूध, कालवण, उरलेल्या भाकऱ्या त्यातच राहत. पुढे त्याच्यावर ऑईलपेंटचे थर चढले आणि ते नुसते अडगळ दिसू लागले. भंगारवाल्याने सातशे रुपये सांगितले. आईने काही न बोलता त्यातले डबे काढून पलंगाखाली रचायला सुरुवात केली. आईचे ते न बोलणे आम्ही होकार समजलो.

अडवले ते मुलीने. ती सजावटीचा डिप्लोमा करते. मोबाईलवर परदेशातल्या स्वयंपाकघरांचे फोटो दाखवत म्हणाली, "पप्पा, लोक पैसे मोजून असली कपाटं नव्यानं करून घेतात. याला मिड-सेंच्युरी म्हणतात. आणि तुम्ही अस्सल विकताय!"

तिने आम्हाला जे समजावले ते थोडक्यात असे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर अमेरिका आणि युरोपात घरांची मोठी टंचाई होती. छोटी घरे, कमी नोकरचाकर, म्हणून सामानही सुटसुटीत झाले. कोरीवकाम गेले, सपाट दारे आली, निमुळते पाय आले, लाकडाबरोबर रंगीत लॅमिनेट आले. लॅमिनेटमधले प्रसिद्ध नाव फॉर्मायका. ते मुळात विजेच्या कामात अभ्रकाऐवजी वापरायला निघाले होते. इंग्रजीत अभ्रकाला मायका म्हणतात, त्यावरून ते नाव पडले. पुढे ते घराघरांतल्या ओट्यांवर चढले.

आपल्या देशात ही पद्धत ठळकपणे दिसली ती चंदीगडला. १९५० नंतर ते शहर उभे राहिले तेव्हा पिएर जानरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी तिथल्या कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या-टेबले केली. त्या खुर्च्यांवर कारकून बसले, फायली रचल्या गेल्या. जुन्या झाल्यावर त्या भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या आणि परदेशात त्यांनाच लाखो रुपये मिळू लागले. शेवटी २०११ साली केंद्र सरकारला त्यांच्या विक्रीवर व निर्यातीवर बंदी घालावी लागली. कारकुनाच्या खुर्चीची किंमत कारकुनाला कळली नाही, हे वाचून आम्हाला सातशे रुपये आठवले.

आम्ही दुकानदाराचा बेत रद्द केला. दहा हजार बुडाले ते बुडालेच. वस्तीतल्या सुतारमामांना बोलावले. त्यांनी कपाटाचा एक कोपरा खरवडला, वास घेतला आणि म्हणाले, "सागवान आहे. वाळवीनं तोंड लावलेलं नाही. याच घडणीची बाकीची कपाटं करू."

मग त्यांनी ओट्याकडे पाहून विचारले, "वहिनी, हा पाट इथं कशाला?"

ओट्यापाशी एक लाकडी पाट कायम पडलेला असे. आम्ही कितीदा त्याला अडखळलो असू आणि "हा उचला" म्हणून ओरडलो असू. मुलांची आई म्हणाली, "त्याच्यावर उभी राहते. ओटा उंच पडतो मला."

जुन्या कडाप्प्यावरच आम्ही एकदा ग्रॅनाइट बसवून घेतला होता, त्यामुळे ओटा ३५ इंचांवर गेला होता. मुलांच्या आईची उंची ४ फूट ११ इंच. तिचा उजवा खांदा दुखतो म्हणून आम्ही तिला तेल आणून दिले, गोळ्या आणून दिल्या. दर वर्षी ८ मार्चला वस्तीत स्त्री-पुरुष समानतेवर आम्ही भाषण करतो. पण आपल्या घरातली बाई नऊ वर्षे पाटावर उभी राहून भाकऱ्या थापते, हे एका सुताराला पहिल्या दिवशी दिसले आणि आम्हाला दिसले नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

सुतारमामांनी हिशोब सांगितला. सरळ उभे राहून कोपर वाकवायचे, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. तिचे कोपर ३७ इंचांवर आले. ओटा ३२ इंचांचा ठरला.

काम अकरा दिवस चालले. शेगडी गॅलरीत आणि भांडी मोरीत. तेवढे दिवस भांडी आम्ही घासली. अकराव्या दिवशी आमचाही खांदा बोलू लागला.

मुलीने या काळात आणखी एक गोष्ट सांगितली. जर्मनीत १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. बाईची पावले कमी पडावीत म्हणून सगळे हाताशी, डाळ-तांदळाला खणातले डबेसुद्धा ठरलेले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आजच्या बांधीव ओटा-कपाटांची ती आजीच म्हणायची. पण पुढे तिच्यावर एक आक्षेपही आला. ते इतके अरुंद होते की त्यात एकच माणूस काम करू शके, आणि तो माणूस म्हणजे बाईच! आम्ही लगेच सुतारमामांना सांगून एका बाजूची खालची कपाटे कमी केली. आता दोघांना उभे राहता येते. तिथेच २८ इंचांवर एक सरकती फळी आहे. आईचे गुडघे गेलेत, ती स्टुलावर बसून त्यावर भाजी निवडते.

कपाटावरचा रंग उतरवताना खालच्या दाराच्या आत पेन्सिलीच्या उभ्या रेघा निघाल्या. चार उभ्या, पाचवी आडवी, अशा ओळीच्या ओळी. सुतारमामा पॉलिश पेपर घेऊन बसणार, एवढ्यात आई म्हणाली, "थांबा. सासूबाईंचा दुधाचा हिशोब आहे तो." आजीला अक्षर येत नव्हते. दूधवाला जास्त लावेल म्हणून ती रोज एक रेघ मारी आणि महिन्याअखेर त्याला दार उघडून दाखवी. त्याच घरात आम्ही जमाखर्चाची पदवी मिळवली, आणि पहिले हिशोबाचे पुस्तक मात्र आम्ही भंगारात घालायला निघालो होतो. त्या दाराची आतली बाजू तशीच ठेवली आहे. बाकी सगळ्याला लाखेचे पॉलिश केले आहे.

वाचकांच्या उपयोगासाठी खर्चही देतो. प्लायवूड व लॅमिनेट ३४,५००, सुताराची मजुरी २८,०००, दगड व गवंडी १७,०००, नळ व वीज ८,५००, पॉलिश, बिजागऱ्या व मुठी ६,०००. एकूण ९४,०००. बुडालेले दहा हजार धरून १,०४,०००. दुकानदाराच्या आकड्यापेक्षा ८१,००० कमी, त्यात मुलीच्या डिप्लोम्याची पुढची फी निघते.

ज्यांना असे काम काढायचे असेल त्यांनी एवढे करावे. ओट्याखाली ७१० छापाचे, पाण्याला टिकणारे प्लायवूडच मागावे. भुशाचे बोर्ड स्वस्त पडतात, पण पाणी लागले की फुगतात. कपाटांना सहा इंचांचे पाय ठेवावेत म्हणजे खालून झाडू फिरतो. आगाऊ पैसे देण्यापूर्वी घरातली जुनी लाकडे खरवडून पाहावीत. आणि सगळ्यात आधी, रोज ओट्याशी उभे राहणाऱ्या माणसाचे कोपर मोजावे.

तो पाट आता आईच्या पायांखाली असतो, सरकत्या फळीपाशी. मुलांच्या आईचा खांदा पुरता बरा झालेला नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. रात्रीची भांडी आमच्याकडे आहेत. ओटा आम्हाला थोडा ठेंगणा पडतो. पण त्याबद्दल आम्ही घरात अजून बोललेलो नाही.